सहा गोल झालेला गोलरक्षक

विजयी वीराचे गुण कोणालाही दिसतात. पराभूताचे गुण पाहण्यास पारखी नजर लागते. इंग्लंडचा नामांकित गोलरक्षक सॅम हार्डी याची कारकीर्द वाचताना आम्हांस हे पुन्हा जाणवले.

१८८२ साली चेस्टरफील्डजवळील न्यूबोल्ड येथे जन्मलेला हार्डी आरंभी चेस्टरफील्डकडून खेळे. १९०४-०५ च्या हंगामात लिव्हरपूलने त्या संघाचा ६-१ असा धुव्वा उडविला. परंतु ज्याच्यावर सहा गोल चढविले, त्याच गोलरक्षकाला लिव्हरपूलने त्याच वर्षी आपल्या संघात घेतले! पुढच्याच हंगामात, १९०६ मध्ये, लिव्हरपूल लीगविजेता ठरला.

हार्डीच्या खेळात दिखाऊ झेपा फारशा नसत. चेंडू कोठे येणार हे आधीच ताडून तो तेथे शांतपणे उभा असे. ॲस्टन व्हिलाकडून १९१३ व १९२० असे दोनदा त्याने एफ. ए. चषक जिंकला; मधली वर्षे महायुद्धाने गिळली. १९०७ ते १९२० या काळात तो इंग्लंडतर्फे २१ सामने खेळला. १९२२ मध्ये, चाळिशीच्या उंबरठ्यावर, नॉटिंगहॅम फॉरेस्टसह त्याने दुसऱ्या श्रेणीचे विजेतेपद मिळविले.

आम्हीही दरवर्षी शाळेच्या निकालपत्रकावर सही करतो. अनुत्तीर्णांच्या यादीत एखादा हार्डी असेल, तर तो आम्हांस ओळखता येतो काय? सहीची शाई वाळते. प्रश्न मात्र ओलाच राहतो.