आधी कान, मग चिप

घरी इलेक्ट्रॉनिक तंबोरा बनवायचा, तर कोडेक चिप कोणती घ्यावी? सोलापुरातील माझे विद्यार्थी बहुधा मोठे आकडे पाहून निवड करतात: २४ बिट, सेकंदाला १,९२,००० नमुने! मला हे पटत नाही.

मिरजेच्या तंबोऱ्याचा नाद आठवा. जवारीमुळे त्याच्या तारेतून कितीतरी उपस्वर उमटतात. पण माणसाला ऐकू येते ते सुमारे २०,००० हर्ट्‌झपर्यंतच. त्याच्या दुपटीहून थोडे अधिक, म्हणजे सेकंदाला ४४,१०० नमुने, एवढ्यावर काम भागते. १६ बिटांत ६५,५३६ पायऱ्या मिळतात. छोट्या स्पीकरला त्या पुरून उरतात.

शिवाय कोडेक दोन कामे करतो. मायक्रोफोनमधून आलेल्या संकेताचे तो आकडे करतो आणि आकड्यांचा पुन्हा संकेत करतो. आपल्या तंबोऱ्याला मायक्रोफोनच नाही; मग पहिल्या कामाचे पैसे का मोजावेत? पीटी ८२११ सारखी १६ बिटांची, ८ पायांची साधी चिप दुसरे काम करते आणि हाताने सोल्डरही करता येते.

उरलेल्या पैशांत चांगला स्पीकर घ्या. कोणता आकडा कशासाठी हवा, हे आधी वहीत लिहा. मगच खरेदीला निघा.