गाडीतला नकाशा आणि आपले कारागीर

जठारपेठेतून निघून मूर्तिजापूरमार्गे अमरावती गाठणाऱ्या व्यापाऱ्याला रस्ता सांगायला यंत्र लागत नाही. पण तोच माणूस माल पाहायला भिवंडीकडे निघाला की गाडीच्या पडद्याकडे पाहू लागतो. गाडी सेकंड हँड असेल तर तो पडदा बहुधा जुन्या जमान्याचे रस्ते दाखवत असतो.

समृद्धी महामार्गाचेच पाहा. नागपूर ते शिर्डी हा भाग डिसेंबर 2022 मध्ये खुला झाला आणि 701 किलोमीटरचा पूर्ण रस्ता जून 2025 मध्ये. 2019 चा नकाशा असलेली गाडी या रस्त्यावर चढली तर पडद्यावरचा बाण शेतातून पळताना दिसतो. यात उपग्रहाचा दोष नाही. उपग्रहामुळे गाडीची जागा बरोबर कळते. पण ती जागा ज्या नकाशावर मांडायची तो नकाशा गाडीच्या मेमरीत किंवा एसडी कार्डात भरलेला असतो, आणि भरला त्या दिवशी होता तसाच राहतो. गावांच्या नावांचेही तेच. औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर 2023 मध्ये झाले. जुन्या नकाशात नवे नाव सापडत नाही. तेथे जुनेच टाकावे लागते.

नव्या महागड्या गाड्यांत सिमकार्ड असते, त्यांचा नकाशा परस्पर बदलतो. बाकीच्यांत कंपनीची फाइल पेनड्राइव्हवर उतरवून गाडीला लावावी लागते. काही कंपन्या ठरावीक मुदतीपर्यंत ही सोय फुकट देतात, पुढे पैसे घेतात.

आमचे म्हणणे आहे ते ऑटो इलेक्ट्रिशियन बांधवांशी. वायरिंग, सेल्फ, डायनामो यांत आपल्या कारागिरांचा हात धरणारा सापडणार नाही. पण नकाशाचे नाव निघाले की तेच म्हणतात, 'शोरूमला जा.' का बरे? ज्या हातांनी अख्खी वायरिंग उलगडली त्यांना पेनड्राइव्ह जड का व्हावा?

काम असे आहे. पडद्याच्या सेटिंगमध्ये मॉडेल आणि नकाशाची आवृत्ती दिसते, ती लिहून घ्यावी. फाइल फक्त कंपनीच्याच ठिकाणाहून आणि त्याच मॉडेलची घ्यावी. पेनड्राइव्ह कंपनीने सांगितलेल्या पद्धतीने फॉरमॅट करावा. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे करंट. नकाशा चढायला तासभर किंवा अधिक वेळ लागू शकतो. मध्येच बॅटरी बसली तर सेट कायमचा मुका होण्याची भीती असते. म्हणून चार्जर जोडून काम करावे. बंद शेडमध्ये इंजिन चालू ठेवून बसू नये, धूर जीव घेतो. या तासाभराची मजुरी उघडपणे सांगून घ्यावी. ती कष्टाची कमाई आहे.

मात्र नक्कल केलेल्या कार्डांच्या वाटेला जाऊ नये. पुष्कळ कार्डे एकाच गाडीशी बांधलेली असतात, दुसरीकडे चालत नाहीत. चालले तरी आत कोणत्या सालचा नकाशा आहे याची खात्री विकणाराही देऊ शकत नाही. शंभर-दोनशे रुपयांच्या फायद्यासाठी दुकानाची वर्षांची पत घालवणे हा व्यापार नव्हे.

कुणी म्हणेल, मोबाइल असताना हा खटाटोप कशाला? हरकत बरोबर आहे. कंपनी जास्त पैसे मागत असेल तर 'मोबाइलच लावा' असे गिऱ्हाइकाला सांगणारा कारागीरच आम्हाला पसंत आहे. फक्त मेळघाटात शिरल्यावर नेटवर्क जाते, तेव्हा गाडीत भरलेला नकाशा कामी येतो. मोबाइलवाल्याने निघण्यापूर्वी त्या भागाचा नकाशा उतरवून ठेवावा.

नवा नकाशा म्हणजे सुरक्षिततेची हमी, असेही नाही. जानेवारी 2021 मध्ये अकोले तालुक्यात (आपले अकोला नव्हे, अहिल्यानगर जिल्ह्यातले) कळसूबाईकडे निघालेली पुण्याची गाडी रात्री मोबाइलच्या नकाशावर विसंबून धरणाच्या पाण्यात बुडालेल्या पुलावर गेली आणि चालक बुडाला. नोव्हेंबर 2024 मध्ये उत्तर प्रदेशात बरेलीजवळ तुटलेल्या पुलावरून गाडी रामगंगेत कोसळून तिघे गेले. पूल पुरात वाहून गेला होता, नकाशात मात्र शाबूत होता. पावसाळ्यात आणि रात्री गावातल्या माणसाला विचारायला लाजू नये.

जुन्या गाड्यांची खरेदी-विक्री करणाऱ्या बांधवांनीही यापुढे टायर आणि विम्याबरोबर नकाशाचे साल पाहावे. मोफत मुदत किती उरली ते विचारावे, आणि त्यानुसारच भाव करावा.