संगणक कोणत्या घड्याळावर विश्वास ठेवतो?

संगणकाचा पाठ म्हटला की आपण पोरांकडून मॉनिटर, माऊस, कीबोर्ड अशी नावं पाठ करून घेतो. माझं मत असं, की नावांआधी एक प्रश्न द्यावा : संगणकाला वेळ कशी कळते?

संगणकात ठोके मोजणारी साधनं एक नाही, अनेक असतात. जुना पीआयटी सेकंदाला 11,93,182 ठोके मोजतो, एसीपीआय पीएम टायमर 35,79,545, तर एचपीईटी किमान 1 कोटी. टीएससी प्रोसेसरच्या आतच बसलेला, त्यामुळे वाचायला सगळ्यांत झटपट. यातलं कोणतं वापरायचं हे कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा, ठरवतो.

लिनक्स त्यासाठी चक्क गुण देतं : टीएससीला 300, एचपीईटीला 250, पीएम टायमरला 200. म्हणजे टीएससी पहिला. पण जुन्या प्रोसेसरमध्ये वीज वाचवायला वेग कमी केला की टीएससीचे ठोकेही मंदावत. म्हणून जिथे खात्री नाही, तिथे कर्नल दर अर्ध्या सेकंदाला दुसऱ्या घड्याळाशी ताळा करून पाहतो. फरक जास्त निघाला की टीएससी अस्थिर ठरतो आणि काम हळू पण भरवशाच्या एचपीईटीकडे जातं. नाहीतर नंतरची नोंद आधीची ठरायची, हिशोबच उलटा!

"लहान मुलांना हे कशाला?" असं कोणी विचारेल. पण हे शिकवायला लॅब लागत नाही. आपल्या ढाणकीत लाईट गेली तरी जमतं. मुलांना बसून 60 नाडीचे ठोके मोजू द्या, मग मैदानाला एक चक्कर मारून पुन्हा मोजू द्या. दोन्ही वेळा भिंतीवरच्या घड्याळात किती सेकंद लागले ते लिहा. नाडी हाताशी असते, पण धावलं की बदलते. घड्याळ लांब असतं, पण एका चालीनं चालतं. टीएससी आणि एचपीईटीतला फरक हाच. जोडीला घटिकापात्र सांगा : भोक असलेलं भांडं पाण्यात बुडायला 24 मिनिटं, ती एक घटका.

आपण वर्गात झटपट उत्तर देणाऱ्यालाच हुशार म्हणतो. कर्नलही पहिली संधी वेगवानालाच देतो, पण ताळा करायचं सोडत नाही. गणिताच्या तासाला उत्तरासोबत ताळ्यालाही गुण द्यायला आपण कधी लागणार?