कंपनी सरकारची कवचकुंडले

26 जून हा संयुक्त राष्ट्रांच्या दिनदर्शिकेत छळपीडितांचा दिवस. छळविरोधी करारावर भारताने 1997 साली सही केली, पण तो मंजूर करायला अजून सवड झालेली नाही.

दिल्लीच्या सरोजिनी नगरात 29 ऑक्टोबर 2005 रोजी, दिवाळीच्या खरेदीची झुंबड उडालेली असताना बॉम्ब फुटला. त्या दिवशीच्या तीन स्फोटांत साठाहून अधिक माणसे गेली. पकडलेल्यांपैकी दोघे काश्मिरी, एक एमएचा विद्यार्थी, दुसरा शाली विणणारा, फेब्रुवारी 2017 मध्ये सर्व आरोपांतून निर्दोष सुटले. कोठडीत हाल हाल केल्याचे दोघांनी सांगितले. स्फोट कोणी केले, हे मात्र सिद्ध झाले नाही.

अशांनी सरकारकडे भरपाई मागायची ती कोणत्या कायद्याने? उत्तर 1861 च्या कलकत्त्यात सापडते. सरकारी गोदीतले मजूर लोखंड वाहून नेत होते; त्याच्या आवाजाने बुजून एका गाडीचा घोडा जखमी झाला. ईस्ट इंडिया कंपनीला पैसे मोजावे लागले असते, म्हणून तिच्या जागी आलेल्या सरकारलाही मोजावे लागले. पण हे काम राजसत्तेचे असते तर मोजावे लागले नसते, असे न्यायालय बोलून गेले आणि पुढे तेच सरकारच्या कामी आले. मेरठच्या पोलिसांनी 1947 साली एका व्यापाऱ्याचे सोने जप्त केले. हवालदारच ते घेऊन पाकिस्तानात पळाला. तरी 1964 मध्ये सरन्यायाधीश गजेंद्रगडकरांच्या पीठाने सरकारला मोकळे सोडले. ही स्थिती बरी नव्हे, संसदेने कायदा करावा, असेही बजावले. विधी आयोग हेच 1956 पासून सांगत होता. विधेयके आली आणि बारगळली.

वाट काढली ती दुसऱ्या मराठी सरन्यायाधीशांनी. निर्दोष सुटूनही 14 वर्षे बिहारच्या तुरुंगात राहिलेल्या रुदुल साहला यशवंतराव चंद्रचूडांनी 1983 मध्ये 35 हजार रुपये देवविले. ओडिशातील कोठडी मृत्यूच्या नीलाबती बेहरा खटल्यात 1993 साली न्यायालयाने स्पष्टच सांगितले, मूलभूत हक्कांपुढे राजसत्तेची ही कवचकुंडले चालायची नाहीत. पण हा सारा न्यायाधीशांच्या विवेकाचा मामला. ज्याला उच्च न्यायालयाची पायरी चढवत नाही, त्याने काय करावे?

नव्या फौजदारी संहितेत पोलिसांवरील खटल्याच्या मंजुरीला 120 दिवसांची मुदत घातली, हे बरे झाले. कोठडीतली इजा पोलिसांनीच केली असे गृहीत धरावे, ही विधी आयोगाची 1985 ची शिफारस, 2017 मध्ये पुन्हा केलेली, नव्या साक्ष अधिनियमात मात्र घेतलीच नाही. पाठीवरचे वळ कोणी उठवले, हे दाखवून देण्याचे ओझे आजही त्याच पाठीवर आहे.