कोणी चोक ओढलाय का?

मित्रांनो, सुरुवातीलाच माफी मागते. दहावीपर्यंत कॉन्व्हेंटमध्ये शिकले, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाशी माझं फारसं पटत नाही. सांभाळून घ्या! पण हा विषय मराठीतच लिहायचा होता, कारण ज्या एका वाक्याने माझे डोळे उघडले ते वाक्य मराठीत होतं.

'क्लासिक कार' म्हटलं की डोळ्यांसमोर काय येतं? प्रीमियर पद्मिनी! ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईतल्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीने निरोप घेतला तेव्हा आपण सगळेच हळवे झालो. पण १९९९-२००० च्या सुमारास युरो निकष आले, आपल्या साध्या गाड्यांतूनही कार्बुरेटर जाऊन फ्युएल इंजेक्शन आलं. त्या गाड्यांनी आता पंचविशी गाठली. म्हणजे त्या माझ्यापेक्षा मोठ्या! उद्याच्या क्लासिक याच, आणि त्या दुरुस्त करायला आपल्यालाच यावं लागणार आहे.

माझ्या डोंबिवलीच्या मामाकडे अशीच एक गाडी आहे. २००१ सालची, नंबर एमएच-०५, मागे 'एमपीएफआय' असं दिमाखात लिहिलेलं. आज्जीला रिक्षात चढता येत नाही, म्हणून घरात तिला फार मान. २०२४ च्या पावसाळ्यात ती बिघडली. सकाळी व्यवस्थित सुरू व्हायची, पण शिळफाट्याच्या ट्रॅफिकमध्ये गरम होऊन बंद पडली की पुन्हा सुरू होताना जीव काढायची. पेट्रोलचा वास, काळा धूर, मायलेज जवळपास निम्मं. एका वर्कशॉपने प्लग, फिल्टर बदलले, इंजेक्टर साफ केले, आणि शेवटी सल्ला दिला, "भंगारात काढा."

मामा म्हणाला, "तू इंजिनिअरिंग करतेयस ना? बघ जरा." झालं! मी चार व्हिडिओ पाहिले आणि ठणकावून सांगितलं, मॅप सेन्सर गेलाय. इनटेक मॅनिफोल्डमधला दाब मोजणारा हा सेन्सर बिघडला तरी धूर आणि मायलेजची तक्रार येऊ शकते. मामाने दीड हजार रुपये मोजून नवा आणला. बसवला. काहीही फरक नाही! मामा एक शब्द बोलला नाही, तेच जास्त लागलं.

मग आम्ही गेलो एका जुन्या गॅरेजवाल्या काकांकडे. कल्याण-शीळ रस्त्यावर प्रीमियरचा कारखाना होता, नव्वदच्या दशकात तिथे प्यूजो ३०९ तयार व्हायची. काका त्याच काळात पद्मिनी आणि ११८ एनईवर हात काळे करत शिकले. त्यांनी प्लग काढला, त्यावरची काजळी बोटाने पुसली, इंजिन गरम होऊ दिलं, कान दिला आणि म्हणाले, "पोरी, ही तर चोक ओढून ठेवल्यासारखी चालतेय. पण हिला चोक कुठाय?"

आणि माझी ट्यूब पेटली! थंड इंजिनाला जास्त पेट्रोल लागतं. कार्बुरेटरच्या गाडीत त्यासाठी हाताने चोक ओढायचा, आणि इंजिन तापलं की आत ढकलायचा. इंजेक्शनच्या गाडीत हे काम ईसीयू करतो, आणि इंजिन थंड की गरम हे त्याला सांगतो कूलंट टेंपरेचर सेन्सर. १९६७ मध्ये बॉशने डी-जेट्रॉनिक यंत्रणा फोक्सवॅगनमध्ये आणली, तेव्हापासून तत्त्व तेच आहे: इंजिनाचं तापमान बघून पेट्रोल ठरवायचं. पण डॅशबोर्डवरचा काटा तर बरोबर होता! कारण या गाडीत काट्याचा सेन्सर वेगळा आणि ईसीयूचा वेगळा. आणि चेक इंजिनचा दिवा? तोही पेटला नव्हता. वायर तुटली असती तर ईसीयूला कळलं असतं. हा सेन्सर खोटं बोलत होता, पण पटेल असं खोटं.

आता अंदाज नाही, मोजमाप. आधी कनेक्टर साफ केला, वायरींची कंटिन्युइटी तपासली. ठीक होत्या. मग सेन्सरवर मल्टीमीटर लावला. हा एनटीसी थर्मिस्टर असतो. तापमान वाढलं की त्याचा रोध कमी होतो. २० अंशाला साधारण दोन-अडीच हजार ओहम, ८० अंशाला साधारण ३०० ओहम. आमचा तापलेल्या इंजिनावर १८०० ओहम दाखवत होता! इंजिन थंड झाल्यावर तो काढला, पातेल्यात पाणी उकळून पुन्हा तपासला. तेच. नवा सेन्सर मिळाला साडेतीनशे रुपयांना. तोही बसवण्याआधी त्याच पातेल्यात मोजला. नवं वॉशर घालून, आटे खराब होणार नाहीत इतपतच आवळून बसवला, कूलंट भरला, हवा काढली. गाडी गरम असताना पहिल्या सेल्फला सुरू झाली. मामाने मला वडापाव खिलवला!

आता खरी गोष्ट सांगते. थर्मिस्टरचं प्रॅक्टिकल आपल्याला होतं. पाण्याचं बीकर, थर्मामीटर, मल्टीमीटर, ग्राफ. मी ती रीडिंग्ज सिनियरच्या जर्नलमधून उतरवली होती. तुमच्यापैकी किती जणांनी स्वतः घेतली? तोच प्रयोग मी शेवटी मामाच्या पातेल्यात केला, तोही दीड हजार घालवल्यावर.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. पार्ट बदलत सुटणं म्हणजे निदान नव्हे. काकांना रोग ओळखता आला, पण सेन्सरवर मीटर लावायची त्यांना सवय नव्हती. मला थर्मिस्टरची व्याख्या पाठ होती, पण रोग ओळखता आला नाही. दोघं एका बॉनेटखाली वाकलो तेव्हा कुठे गाडी वाचली. आपल्या लॅबमध्ये चकचकीत कट-सेक्शन मॉडेल्स आहेत. त्यांच्या शेजारी एक चालू, जुनं, बिघडणारं इंजेक्शनचं इंजिन ठेवायला काय हरकत आहे? इंडस्ट्रीतले मोठे पाहुणे जरूर बोलवा, पण वर्षातून एकदा एखाद्या गॅरेजवाल्या काकांनाही सन्मानाने बोलवा.

आणि तोपर्यंत निदान जर्नल तरी स्वतः लिहूया. मी सुरुवात केली आहे. मागच्या प्रॅक्टिकलचा माझा ग्राफ वाकडा आलाय, पण माझा आहे!