विश्लेषण : डायनासोरच्या विष्ठेत गवत सापडले, पण पिसदुऱ्याचा हा ठेवा जपणार कोण?

चंद्रपूर जिल्ह्याच्या वरोरा तालुक्यातील पिसदुरा येथे शेतांत काही ओबडधोबड दगड सापडतात. दिसायला साधे असले तरी ते सुमारे साडेसहा ते सात कोटी वर्षांपूर्वीच्या प्राण्यांच्या विष्ठेचे जीवाश्म आहेत. शास्त्रज्ञ त्यांना ‘कॉप्रोलाइट’ म्हणतात.

हे जीवाश्म टिकले कसे?

डायनासोरांच्या अखेरच्या काळात इथे तळी आणि नद्या होत्या. त्यांच्या गाळात हाडे, अंडी, विष्ठा गाडली गेली. या थरांना जबलपूरच्या लमेटा घाटावरून ‘लमेटा’ हे नाव मिळाले. पुढे ज्वालामुखींच्या लाव्हारसाने त्यांवर झाकण घातले. लाव्हाचा खडक झिजला तिथे हे थर पुन्हा उघडे पडले.

विष्ठेतून काय कळले?

वनस्पतींच्या पेशींत सिलिकाचे सूक्ष्म कण तयार होतात. वनस्पती कुजली तरी ते टिकतात आणि त्यांच्या आकारावरून तिची ओळख पटते. वंदना प्रसाद, अशोक सहानी आणि सहकाऱ्यांना पिसदुऱ्याच्या कॉप्रोलाइटमध्ये गवताचे असे कण आढळले. त्यांत किमान पाच प्रकारची गवते होती आणि काहींचे नाते भात व बांबूच्या गटाशी जुळत होते. ‘सायन्स’ नियतकालिकात २००५ मध्ये हे संशोधन प्रसिद्ध झाले. गवत डायनासोरांनंतर आले, हा समज त्यामुळे मोडीत निघाला.

हाडेही सापडली का?

हो. जवळच्या डोंगरगावात लांब मानेच्या शाकाहारी डायनासोरचा सांगाडा मिळाला. १९९७ मध्ये त्याचे शास्त्रीय वर्णन झाले आणि २००३ मध्ये ‘इसिसॉरस’ हे नाव मिळाले. त्यातील ‘इसि’ म्हणजे कोलकात्याची इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूट.

मग चिंता कशाची?

जीवाश्माची खरी किंमत तो कोणत्या थरात, कशाच्या शेजारी सापडला यात असते. आठवण म्हणून खिशात घातलेला दगड घरी शोभेची वस्तू ठरतो, पण त्याचा पुरावा तिथेच संपतो. उघड्या शेतात पहारा बसवता येत नाही आणि शेतकऱ्याला नांगर थांबवायला सांगणेही अन्यायाचे आहे.

काय करता येईल?

भूवारसा स्थळांच्या संरक्षणासाठी केंद्रीय खाण मंत्रालयाने २०२२ मध्ये विधेयकाचा मसुदा जाहीर केला होता. मात्र केवळ कायद्याने दगड वाचत नाहीत. गडचिरोलीतील सिरोंचाजवळ वडधम येथे जीवाश्म उद्यान आहे. पिसदुऱ्यातही थरांचा नकाशा, सापडलेल्या वस्तूंची नोंद, गावातच छोटे संग्रहालय आणि जीवाश्म जमा करणाऱ्या शेतकऱ्याला मोबदला, एवढ्यापासून सुरुवात करता येईल. शेतात कोणते दगड कुठे निघतात, हे गावकऱ्यांइतके कोणालाच ठाऊक नसते. त्यांना विश्वासात घेतले, तरच पुढच्या संशोधकाच्या हाती काही उरेल.