कामावर जाणाऱ्याला आधी मडगार्ड हवे, गिअर नंतर

संपादक महोदय,


नोकरदारांनी परवडणारी सायकल कशी निवडावी, हे सांगणारा लेख आपल्या रविवार पुरवणीत वाचला. दहा-बारा हजारांत एकवीस गिअर, पुढे शॉकअप, दोन्ही चाकांना डिस्क ब्रेक आणि जाड खाचांचे टायर मिळत असतील तर डोळे झाकून घ्या, असा त्याचा सल्ला. मी चिखलीहून भोसरी एमआयडीसीत सायकलने कामाला जाते आणि या सल्ल्याला माझा ठाम विरोध आहे. अशाच सल्ल्यावर अर्धा पगार घालून सायकल घेतलेले लोक आमच्या कंपनीत आहेत. पहिला पावसाळा सरेपर्यंत त्यांतल्या बहुतेकांची सायकल जिन्याखाली गेली आणि ते पुन्हा दुचाकीवर आले. त्यांची चिकाटी कमी पडली असे सगळे म्हणतात, पण कामाला निरुपयोगी सायकल गळ्यात पडल्यावर चिकाटी किती दिवस पुरणार?

एवढ्या किमतीत इतकी उपकरणे बसवायची, तर प्रत्येक उपकरण हलक्या दर्जाचे घालावे लागते. स्वस्त शॉकअप म्हणजे नळीत बसवलेली साधी स्प्रिंग. तिने सायकल जड होते, उभे राहून पायडल मारले की पुढचा भाग खाली-वर होऊन जोर वाया जातो आणि आत पाणी-माती गेली की ती आखडते. खाचांचे टायर मातीच्या वाटेवर पकड घेतात. डांबरी रस्त्यावर मात्र घरघरत पायांचा दम काढतात. डिस्कची पातळ चकती स्टँडमध्ये शेजारच्या सायकलचा धक्का लागला तरी वाकते आणि मग पॅडला घासत राहते. गिअरचे तर विचारूच नका. मागचा गिअर बदलणारा डिरेलर फ्रेमच्या ज्या छोट्या पट्टीवर लटकतो, ती सायकल उजव्या अंगावर पडली की वाकते. आमच्या एका सहकाऱ्याची ती पट्टी वाकली आणि जिथून सायकल घेतली त्या दुकानात तसा भाग मिळेना. तोवर सायकल उभीच. कामावर जाणाऱ्याला हे परवडत नाही, कारण हजेरीचे यंत्र सायकलची अडचण ऐकत नाही.

आता त्या सायकलीला काय नसते ते पाहा. मडगार्ड नसते, म्हणून जूनमध्ये पहिल्याच दिवशी पाठीवर चिखलाची रेघ उमटते. कॅरिअर नसते, म्हणून डबा आणि रेनकोट पाठीवर आणि पाठ घामाने ओली. चेनकव्हर नसते, म्हणून पँटचा पाय काळा होतो आणि ओढणी-सलवार अडकण्याची भीती वेगळीच. स्टँड, घंटी, दिवे, कुलूप यांचे पैसे वेगळे. लेखात दिलेली किंमत सायकलची असेल, पण ऑफिसला जाण्याजोग्या सायकलची नाही. हा जास्तीचा खर्च धरल्याशिवाय कोणतीही सायकल ‘परवडणारी’ म्हणू नये.

आपल्याकडे सायकलने कामावर कोण जाते, हेही लेखकाने विचारात घेतलेले नाही. २०११च्या जनगणनेत लोक कामाला कशाने जातात याची नोंद झाली. शेती आणि घरगुती उद्योग सोडून इतर कामे करणाऱ्यांपैकी शंभरातले सुमारे तेरा जण सायकलने जात होते. देशभरात ही संख्या अडीच कोटींच्या वर जाते. वॉचमन, फिटर, गवंडी, पेपर टाकणारे, धुणी-भांडी करणाऱ्या बायका. सायकल म्हणजे काय, हे या लोकांना जाहिरात लिहिणाऱ्यांपेक्षा जास्त कळते, कारण ती बंद पडली तर त्यांचा रोज बुडतो. त्यातले बहुतेक जण साधी, बिनगिअरची, पोलादी फ्रेमची सायकल वापरतात. त्यात नाइलाज असेल, पण पारखही आहे. लुधियानात बनणाऱ्या साध्या सायकलींचे सुटे भाग सहसा एका कंपनीचे दुसरीला बसतात. पायडल, चेन, फ्रीव्हील, ब्रेकशू यांतले काही बिघडले तर कोपऱ्यावरचा पंक्चरवालाही तुम्हाला तासाभरात मार्गी लावतो.

म्हणून सगळ्यांनी जुन्या घाटाची काळी सायकलच घ्यावी, असे मी म्हणत नाही. तिचे सळईचे ब्रेक आणि चकचकीत लोखंडी रिम पावसात धोक्याचे आहेत. ओल्या लोखंडावर रबर घसरते. माझ्या मते पाच-सात हजारांपासून दहा हजारांपर्यंत शोधायची ती सायकल अशी: पोलादी फ्रेम, ॲल्युमिनियमचे रिम, वायरचे साधे व्ही ब्रेक, कमी खाचांचे मध्यम रुंदीचे टायर, आणि मडगार्ड-कॅरिअर बसवायला फ्रेमला भोके. व्हॉल्व्ह मोटारसायकलसारखा असावा, म्हणजे पेट्रोल पंपावर हवा भरता येते. किती भरायची ते टायरच्या कडेलाच छापलेले असते. चाक आणि सीट क्विक रिलीजची नकोत, नटाचीच बरी. संध्याकाळी स्टँडवर आल्यावर सीट गायब, हा अनुभव कुणालाही नको असतो. पुरुषांनीही दांडी खाली असलेल्या, ज्याला दुकानदार ‘लेडीज’ म्हणतात त्या सायकलीचा संकोच सोडून विचार करावा. मागे कॅरिअरवर सामान बांधले की पाय मागून टाकता येत नाही, तेव्हा खालची दांडीच कामाला येते.

गिअर कुणाला लागतील? बावधनहून चांदणी चौक चढून कोथरूडला येणाऱ्याला किंवा कात्रजच्या उतारावर राहणाऱ्याला ते हवेत, यात वाद नाही. त्यांनी पुढे एकच चकती आणि मागे सहा-सात गिअर अशी सायकल घ्यावी, तीही थोडे जास्त पैसे घालून. सपाट भोसरी-चिंचवडला किंवा हडपसरला एकच गिअर पुरतो. एखाद्या उड्डाणपुलावर दम लागत असेल तर त्यावर फार जुना आणि स्वस्त उपाय आहे. साध्या सायकलीला सहसा पुढे ४४ आणि मागे १८ दात असतात. मागचे फ्रीव्हील २० दातांचे बसवून घेतले, तर पायावरचा जोर जवळपास दहा टक्के हलका होतो. वेग थोडा कमी होतो, पण गर्दीच्या रस्त्यावर तो तसाही मिळत नाही.

मापाबद्दल लेखात एक ओळही नाही, आणि ही त्याची सर्वात मोठी उणीव आहे. छोट्या सायकलीने गुडघे जातात, मोठीने कंबर. सीटवर बसून टाच सर्वात खाली असलेल्या पायडलवर ठेवली की पाय सरळ झाला पाहिजे. दांडी दोन पायांमध्ये घेऊन उभे राहिलात तर तिच्यापासून दोन-तीन बोटे अंतर राहिले पाहिजे. हे दुकानात उभे राहूनच कळते. खोक्यातून घरी येणारी सायकल म्हणूनच मला मान्य नाही. पुढचा चिमटा उलटा बसवलेल्या नव्याकोऱ्या सायकली मी रस्त्यावर पाहिल्या आहेत; अशा सायकलीचा ब्रेक आणि हँडल दोन्ही भरवशाचे राहत नाहीत.

सप्टेंबर २०२५ मध्ये सायकलींवरचा जीएसटी बारा टक्क्यांवरून पाच टक्क्यांवर आला. दहा हजारांच्या मूळ किमतीवर हा सातशे रुपयांचा फरक पडतो. दुकानदाराने तो आणखी एका गिअरच्या चकतीवर खर्च करायला लावण्यापेक्षा मडगार्डची जोडी आणि मागचा लाल दिवा लावून द्यावा. ग्राहकांनीही भाव करताना हेच मागावे: ‘सगळे बसवून, रस्त्यावर उतरायला किती?’

आपल्या पुरवणीला मात्र माझी एक विनंती आहे. या विषयावर पुढचा लेख छापण्याआधी पहिल्या पाळीच्या वेळी एमआयडीसीतल्या कुठल्याही कंपनीच्या गेटवर प्रतिनिधी पाठवा, तिथे लागलेल्या सायकली पाहू द्या आणि त्या चालवणाऱ्यांना विचारून मग लिहू द्या.

आपली,
एक वाचक, चिखली (पिंपरी-चिंचवड)